सातव्या मापाचं डोकं

एकाची ही रास, साताची ही रास,
कुणा नाही खास कमीजास्त.
माप ना सावत्र, माप ना परकं,
येईल गं डोकं, वाट पाहू.

हा आवाज माझ्या कानांत इतका जुना आहे, की तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कापणीच्या टेबलाखाली उभी मावत होते. वर बाबांची मोठी कात्री कचक कचक चालायची, खाली माझ्या अंगावर रंगीत चिंध्या भुरभुरायच्या, आणि कात्रीच्या तालावर बाबा गायचे. गाणं संपता संपता टेबलावर टोप्यांच्या कापडाच्या सात राशी उभ्या राहायच्या. एक नंबरची, दोनची, तीनची, थेट सातपर्यंत. सगळ्या एका उंचीच्या. बाबा वरून लाकडी पट्टी आडवी ठेवून बघत. पट्टी डुगडुगली तर उंच राशीतलं काही काढत नसत. ठेंगणीत भर घालत.

हा आमच्या टोप्यांच्या दुकानाचा नियम. आजोबांपासून चालत आलेला, असं बाबा सांगायचे. बाबांनी असं सांगितलं, की अस्तर शिवत बसलेल्या आत्याला हमखास ठसका लागायचा. तोंडात टाचण्या धरायची तिची सवय, त्यामुळे ठसक्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

दुकानाच्या फळीवर सात लाकडी डोकी होती. शिवलेली टोपी त्यांच्यावर ओढायची, वाफ द्यायची, की ती गोल बसते. चौथं डोकं छप्पन्न सेंटिमीटर घेराचं. तिथून एकीकडे प्रत्येक डोकं बाबांच्या एका बोटाने लहान, दुसरीकडे एका बोटाने मोठं. आई गेल्यावर ही सात डोकीच माझी भावंडं होती. मी त्यांचे चेहरे पुसायचे, त्यांची भांडणं सोडवायचे. मोठी झाले तशी मला सातव्याची टोपी नेमकी बसू लागली. यात मला काही विशेष वाटलं नाही. सात राशी, सगळ्या सारख्या, त्यांतली एक माझी. म्हणजे रस्त्यावरून सात माणसं गेली तर त्यांत एक डोकं माझ्याएवढं असणारच! तिशी ओलांडेपर्यंत मी हे मानत होते, आणि छान झोपत होते.

गिऱ्हाइकांचं मात्र वेगळंच चालायचं. चार नंबरच्या टोप्या कपाटात ठेवायच्या आत संपत. तीन आणि पाच त्यांच्या मागोमाग. "चार आहे का?" असं विचारत माणसं येत, आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकून जात. न विकलेल्या एक आणि सात मागच्या खोलीत जात. त्यांच्या सोबतीला दोन आणि सहा. त्या खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे असं आत्या सांगायची. मी ती कधी पाहिली नव्हती. खिडकीपुढे टोप्या होत्या.

"काय करायचं हो बाबा यांचं?"

"वाट बघायची. डोकं येईल."

एकदा आत्या माझ्यावर उखडली. "लाकडी डोक्यांशी बोलतेस, हाडामांसाच्या डोक्यांशी बोलायला काय होतं तुला? जा, कुठल्यातरी वर्गाला नाव घाल!" मी संध्याकाळच्या कॉलेजात गेले. चित्रकलेचा वर्ग भरलेला, गाण्याचा भरलेला, बागकामाच्या वर्गाबाहेर रांग. संख्याशास्त्राच्या वर्गात मात्र जागाच जागा. मी जाऊन पहिल्या बाकावर बसले.

शिकवणारे मास्तर माझ्याच वयाचे. अंगाने मध्यम, आवाजाने मध्यम, आणि खडू हातात आला की वेडे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक डोंगर काढला. मध्ये गोल माथा, दोन्हीकडे सारखे उतार, आणि कडेला जमिनीला टेकत टेकत गेलेल्या दोन लांब शेपट्या.

"माणसांची उंची मोजा, तळपाय मोजा, डोक्याचा घेर मोजा," मास्तर म्हणाले, "हाच डोंगर दिसणार. बहुतेक सगळे मध्ये दाटीवाटीने, कडेला तुरळक. याला म्हणतात प्रसामान्य वितरण."

मी उभी राहिले. "सर, तळपायांचं मला माहीत नाही. डोक्यांचं तुम्ही चुकीचं सांगताय."

"बरं? मग डोक्यांचं कसं असतं?"

"सगळी मापं सारखी असतात. सात मापं आहेत. रस्त्यावरचं प्रत्येक सातवं डोकं माझ्याएवढं असतं."

वर्ग हसला नाही, वर्ग फुटला. मागे कुणीतरी बाकावरून घसरलं. मास्तर तेवढे हसले नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मोजलीत?"

"आमचं टोप्यांचं दुकान आहे!"

"ते कळलं. डोकी मोजलीत का?"

माझ्या पर्समध्ये टेप असतो. आयुष्यभर मी टोप्या मोजल्या होत्या. डोकी कधी मोजलीच नव्हती.

"मग मोजू या की," असं म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी स्वतःचं डोकं पुढे केलं.

त्या महिन्यात आम्ही काय काय मोजलं! आमचा वर्ग, बागकामाचा वर्ग, गाण्याचा वर्ग (त्यांनी सूर मोडायचा नाही या अटीवर मोजू दिलं), पहारेकरी, प्राचार्य. सरासरी निघाली छप्पन्न. बाबांचं चौथं माप! आणि मास्तरांचं स्वतःचं डोकंही नेमकं छप्पन्न.

"सरासरीने फक्त माथा कुठे आहे ते कळतं," मास्तर म्हणाले. "डोंगर पसरट आहे की सुळका, ते कसं कळणार? तर प्रत्येक डोकं माथ्यापासून किती लांब ते काढा. त्याचा वर्ग करा, म्हणजे लहान-मोठं एकमेकांना खाऊन टाकणार नाहीत. त्या वर्गांची सरासरी घ्या, तिचं वर्गमूळ काढा. हे प्रमाण विचलन. डोंगरावर चालायचं आपलं एक पाऊल."

पाऊल निघालं दीड सेंटिमीटरचं. मी धावत घरी आले. बाबा दुपारचे खुर्चीत डुलकी घेत होते. मी हळूच त्यांच्या बोटाची रुंदी मोजली. दीड! मी तिथेच गिरकी घेतली. मास्तर नंतर म्हणाले, हा निव्वळ योगायोग आहे, याला काही अर्थ लावू नका. मी लावला. माझ्यासाठी तेव्हापासून डोंगर बोटांनी मोजला जातो. माथ्यापासून दोन्हीकडे एकेक बोट सरका, की शंभरातली अडुसष्ट डोकी आत आली. दोन-दोन बोटं सरका, पंचाण्णव आली. तीन-तीन सरका, की जवळजवळ सगळं गाव आलं. बाहेर उरलं कोण? हजारात दोन-तीन.

मग एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, "तुमचं राहिलंय."

टेप माझ्या कानामागून कपाळावर आला. टेपबरोबर त्यांची बोटंही आली. "साठ पूर्णांक पाच," ते म्हणाले. मग पुटपुटत हिशोब. "त्यातून सरासरी वजा. साडेचार. भागिले दीड." थांबले. "तीन."

"काय तीन?"

"तुमचा झेड. माणूस माथ्यापासून किती पावलांवर उभा आहे, तो आकडा. उजवीकडे असेल तर अधिक, डावीकडे असेल तर उणे." आणि मग फळ्याकडे बघत, अगदी हळू, "अधिक तीन. एवढं किंवा याच्यावरचं डोकं म्हणजे हजारात एखादंच."

आता बघा, कुणी नुसतं "तू हजारात एक" म्हटलं असतं, तर मी तोंडदेखली स्तुती म्हणून सोडून दिलं असतं. पण हे भागाकार करून म्हटलेलं होतं! माझे पाय जमिनीला लागेनात. मी टेप हिसकावून घेतला आणि त्यांना त्यांचा झेड सांगितला. छप्पन्न वजा छप्पन्न, भागिले दीड.

"शून्य," मी म्हणाले.

"शून्य," ते म्हणाले, आणि असे लाजले, की कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तेव्हापासून ते मला तीन म्हणतात आणि मी त्यांना शून्य. आत्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातली सुई पडली.

"होणाऱ्या नवऱ्याला शून्य म्हणतेस? जीभ आहे की कात्री?"

"आत्या, शून्य म्हणजे डोंगराचा माथा. सगळ्यांच्या बरोबर मध्ये."

"मध्ये असो नाहीतर माळ्यावर. चारचौघांत तरी अहो म्हण!"

होणारा नवरा, हो. तिथपर्यंत आम्ही पोचलो होतो. अडलं होतं ते खोलीशी. मास्तर तिघा दोस्तांबरोबर एका खोलीत राहत. आमच्या घरी पुढे दुकान, वर एक खोली, त्यात मी आणि आत्या. बाबा दुकानातच झोपत. उरली मागची खोली. ती मिळाली तर लग्न, नाही मिळाली तर वाट. दूर कुठेतरी जागा बघून दुकान आणि बाबांना सोडून जाणं मला जमणार नव्हतं, आणि मास्तरांनी तो विषय एकदाही काढला नाही. म्हणून तर मला ते आवडतात.

मी बाबांना म्हणाले, "एक आणि सात बंद करा, बाबा. दोन आणि सहा थोड्याच कापा. त्या कापडाच्या चार करा. खोली रिकामी होईल, आणि गिऱ्हाईकही परत जाणार नाही."

कात्री थांबली. "आजोबांचा नियम आहे."

आत्याला ठसका लागला.

"पण बाबा, डोकी सारखी नसतातच. बघा, मी आकडे आणलेत." मी कागद पुढे केला. बाबांनी तो घेतलाच नाही. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत राहिले. सात नंबरची, पिवळी. मग म्हणाले, "कागद नको दाखवूस. डोकी दाखव. आपल्या गल्लीतली. माझ्यासमोर. सातव्या मापाचं एक जरी आलं, तरी नियम तसाच राहील."

"आणि नाही आलं तर?"

"तर खोली तुमची."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच आम्ही बाहेरच्या फरसबंदीवर खडूने सात चौकोन आखले. ठरलं असं, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं डोकं मी मोजायचं, आणि त्याच्या मापाच्या चौकोनात मास्तरांनी एक टोपी ठेवायची. टोपीवर टोपी, टोपीवर टोपी. लहान मुलांना मोजायचं नाही, त्यांची डोकी अजून कामात आहेत.

पहिला आला समोरचा न्हावी. छप्पन्नाच्या जरा वर. "चार!" मी ओरडले. मास्तर चारची टोपी आणायला आत पळाले आणि हात हलवत परत आले. चारची टोपी होती कुठे? दुकानात औषधालाही नव्हती!

"मागच्या खोलीतली आण, कुठलीही," आत्या म्हणाली. "मोजायचंच आहे ना? दाणा कुठल्या पोत्यातला, त्याने काय बिघडतं?"

आणि तिथून जी मजा सुरू झाली! मागच्या खोलीतल्या एक आणि सात नंबरच्या टोप्या, वर्षानुवर्षं अंधारात पडलेल्या, एकेक करून उन्हात येऊ लागल्या. निळ्या, तांबड्या, चौकटीच्या, पट्ट्यांच्या. न्हाव्याला मात्र आपलं माप पटेना.

"अख्ख्या गल्लीची डोकी या हाताखालून गेलीत आणि मी नुसता चार?"

"नुसता काय," मास्तर म्हणाले, "माझ्या शेजारी आलात."

बेकरीवाली आली, तीन. तिचा नवरा आला, तोही तीन, आणि दोघं तिथेच भांडू लागले, की संसारात डोकं जास्त कुणी चालवलं. टपालवाली सायकलवरून न उतरताच मान वाकवून पाच करून गेली. जाडजूड पैलवान छाती काढून आला आणि चार निघाला. त्याच्या मागून काडीसारखा ग्रंथपाल आला आणि सहा! पैलवानाने टेप तपासून घेतला. एका बाईंनी मोठा अंबाडा घातला होता. त्यांना म्हटलं, सोडा. त्या म्हणाल्या, "अंबाड्यासकट मोजा, तोही माझाच आहे." टक्कल पडलेले एक काका म्हणाले, "आम्हाला काही सूट?"

दुपारी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आले. बारीक चणीचे, बारीक आवाजाचे. मी टेप लावला आणि परत लावला. साडेएक्कावन्न.

"एक नंबर!" मी किंचाळलेच. "झेड उणे तीन!"

"म्हणजे नापास का?" घड्याळजी घाबरले.

"नापास? काका, तुम्ही माझी दुसरी बाजू आहात! मी उजव्या शेपटीवर, तुम्ही डाव्या. आपल्यामध्ये अख्खं गाव!"

आत्याने ढिगातली एक नंबरची हिरवी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती बसली. नेमकी बसली. घड्याळजींनी दोन्ही हातांनी ती चाचपली. "आजवर टोपीत कागद कोंबून घालत होतो हो," म्हणाले. "असं माप असतं हे कुणी सांगितलंच नाही." आणि टोपीला हात लावत लावत, काचेत बघत बघत गेले. मी बाबांकडे पाहिलं. ते घड्याळजींच्या पाठमोऱ्या टोपीकडे फार वेळ बघत होते.

बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. सकाळपासून जेवायलासुद्धा उठले नाहीत. गल्लीच्या टोकाला कुणी थोराड डोक्याचं दिसलं, की अर्धे उभे राहत. "हा बघ. हा असेल." सामान वाहणारा एक अगडबंब माणूस आला, कपाट पाठीवर घेऊन. बाबा पूर्ण उभे राहिले. मी टेप लावला. एकोणसाठ.

"सहा," मी म्हणाले.

बाबा बसले. त्यांना पैज जिंकायची होती, असं मला वाटलं. मी मात्र दर थोराड डोक्याला टेप लावण्याआधी मागच्या खोलीकडे बघून घेत होते. एक सात आला की गेली खोली.

आत्याला मध्येच हुक्की आली. "मास्तर, एक सांगा. माझं नाक मोठं की हिचं डोकं?"

"आत्या, काहीतरीच काय," मी म्हणाले, "नाक आणि डोकं यांची तुलना कशी होईल?"

"का नाही होणार?" मास्तरांचे डोळे चमकले. "झेड असतो तो त्यासाठीच! नाकांचा डोंगर वेगळा, डोक्यांचा वेगळा. पण आपापल्या माथ्यापासून कोण किती पावलांवर, ते तर विचारता येतं." आणि त्यांनी खरंच रांगेतली नाकं मोजली. नाकांची सरासरी, नाकांचं विचलन, आणि आत्याचं नाक. "अधिक दोन पूर्णांक एक."

"म्हणजे?"

"म्हणजे नाक मोठंच आहे. पण डोकं जिंकलं."

"हरले तरी नाक वर आहे माझं," आत्या म्हणाली, आणि रांगेत असा हशा पिकला, की वरच्या मजल्यांवरची माणसं खिडक्यांत आली, आणि खिडक्यांतली खाली उतरली, मापं द्यायला.

ऊन कलत आलं. शेवटची टोपी ठेवून मास्तर मागे सरले.

फरसबंदीवर डोंगर उभा होता. चारच्या चौकोनात रास माझ्या छातीला लागत होती. तीनची आणि पाचची, जुळ्या बहिणींसारख्या, कमरेच्या जरा वर. दोनची आणि सहाची वीतभर. एकच्या चौकोनात घड्याळजींच्या नावाने ठेवलेली एकुलती टोपी. फळ्यावरचा डोंगर मी शंभरदा पाहिला होता. पण हा निळा-तांबडा होता, याच्यावर मावळतं ऊन होतं, आणि हा कुणी काढला नव्हता. आपण होऊन आला होता. न्हावी, बेकरीवाली, पैलवान, प्रत्येकजण आपापल्या वाटेने आलेला, कुणी कुणाला विचारून डोकं आणलेलं नाही, आणि तरी सगळे मिळून हा घाट! मला रडू आलं आणि हसू आलं आणि मी मास्तरांचा हात धरला, चारचौघांत.

आत मागच्या खोलीत खिडकी दिसत होती. खरंच होती.

"सात रिकामाच राहिला," बाबा म्हणाले. आवाज असा, जसं कुणी यायचं होतं आणि आलं नाही. ते उठले, फळीवरून सातवं लाकडी डोकं काढलं, आणि फडक्यात गुंडाळू लागले. "खोली तुमची. शब्द म्हणजे शब्द."

"थांबा, थांबा!" माझं भानच सुटलं होतं. "रिकामा कोण म्हणतं? मला मोजायचं राहिलंच की!" टेप मी बाबांच्या हातात दिला, धावत जाऊन सातच्या चौकोनात उभी राहिले, आणि दोन्ही हात पसरून गोल फिरले. "ही बघा! साठ पूर्णांक पाच! अधिक तीन! हजारात एक!"

"अगं, पैज!" आत्या ओरडली. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस? सात आलं ना!"

माझे हात हवेतच राहिले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. खरंच की. सातव्या मापाचं एक जरी आलं, तरी नियम तसाच. मीच माझी खोली घालवली होती.

पण बाबा माझ्याकडे बघत होते, पैजेकडे नाही. "एकटीच आहेस त्या चौकोनात," ते म्हणाले. "हे कधी कळलं तुला?"

"वर्गात. मास्तरांनी मोजलं तेव्हा."

"वाईट नाही वाटलं?"

"वाईट?" मी परत हसू लागले. खोली गेली होती आणि तरी थांबवेना. "बाबा, या इथे येऊन उभे राहा. इथून अख्खा डोंगर दिसतो! मध्ये उभ्या असलेल्यांना काय दिसतं, पुढच्याची मान. विचारा शून्यला!"

मास्तरांनी मान डोलावली, अगदी गंभीरपणे.

बाबांच्या हातातलं फडकं सुटलं. लाकडी डोकं त्यांनी पोटाशी धरलं. आत्या म्हणाली, "सांग आता. मला आणखी ठसके झेपणार नाहीत."

"आजोबांचा नियम नाही तो," बाबा म्हणाले.

मी चौकोनातच थांबले.

"तुझ्या आजोबांची मापं तीनच. लहान, मधलं, मोठं. मधल्याची रास उंच, बाकीच्या दोन बेताच्या. हा डोंगर घरात होताच गं, त्याला नाव आहे हे मास्तर आल्यावर कळलं. तू एवढीशी होतीस. आई नुकतीच गेलेली. बाहेर पोरांनी काय चिडवलं कुणास ठाऊक. आलीस, आणि दुकानातल्या मोठ्या माणसांच्या टोप्या एकेक घालून बघितल्यास. मधली तुला तेव्हाच घट्ट व्हायला लागली होती. मला विचारलंस, बाबा, माझं डोकं चुकलंय का?"

"मला काहीच आठवत नाही."

"आठवू नये म्हणूनच तर. तू वाढणार होतीस. दोन डोकी आणखी कोरून घेतली, सहा आणि सात. एकाच बाजूला वाढवली असती तर तुला कळलं असतं, म्हणून दुसऱ्या बाजूलाही दोन. सातला जोडीला एक. आणि सगळ्या राशी सारख्या, तुझ्या डोळ्यांदेखत. तुला आकडे यायला लागले तेव्हा तू टेबलाखालून बाहेर आलीस, राशी बोटाने मोजल्यास आणि म्हणालीस, माझ्यासारखी पुष्कळ आहेत. मग मला थांबता येईना." त्यांनी चौकोनांकडे पाहिलं, मग गल्लीच्या रिकाम्या टोकाकडे. "ते गाणं गिऱ्हाइकांसाठी नव्हतं. तुझ्यासारखं आणखी एखादं येईल, म्हणून म्हणायचो. आजही सकाळपासून बघत होतो. सात काही आलं नाही."

मग मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून, टेप न लावता, म्हणाले, "शून्य आलं. चालेल मला. खोली झाडून घ्या."